सरकारी सामान ताब्यात घेताना: नव्या कंत्राटदारासाठी पोचपावतीपासून निर्लेखनापर्यंत

स्वयंपाकगृह चालवायचं, वसतिगृहाला जेवण पुरवायचं किंवा मदत छावणीत शिधा वाटायचं कंत्राट मिळालं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष माणसं, गाड्या आणि बिलं यांच्याकडे असतं. तेवढ्यात सरकारी गोदामातून भांडी, फ्रीझर, वजनकाटे, तांदळाची पोती, डबाबंद माल येऊन पडतो. दारात जो कोणी उभा असेल तो चलनावर ‘माल मिळाला’ लिहून सही करतो. पुढे वर्षभरात काही बिनसलं तर सगळे जण ज्या कागदाकडे बोट दाखवतात, तो हाच.

हा लेख अशा कंत्राटात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. खरेदी, निविदा, दर हे विषय यात नाहीत. सरकारने दिलेलं सामान सांभाळायचं कसं आणि त्यातलं खाण्याचं काही नासलं तर काय करायचं, एवढंच.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. सामान तुमच्या कुलपात आलं, तुमच्या माणसांनी वापरलं, तरी मालकी सरकारचीच राहते. हे धडधाकट मालाला जितकं लागू तितकंच बिघडलेल्याला. ओलं झालेलं पोतं, फुगलेला डबा, जळालेली मोटर हेही सरकारचंच. माल विकून खाणारे कंत्राटदार असतात, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात जास्त माणसं अडकतात ती नासका माल ‘वास मारत होता म्हणून’ परस्पर फेकून दिल्यामुळे. हेतू स्वच्छ असतो, पण कागदावर तो माल गायब असतो.

पायरी 1: करारात जोखीम कुणाची लिहिली आहे ते शोधा

करार शंभर पानी असला तरी या कामासाठी चारच जागा महत्त्वाच्या: सरकार काय देणार त्याची यादी (बहुधा परिशिष्टात), नुकसान झालं तर कोण सोसणार, किती वेळात कळवायचं, आणि खराब मालाच्या विल्हेवाटीची परवानगी कोणाच्या सहीने मिळते. चारही जागांवर खुणेची चिठ्ठी लावा आणि गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला त्या पानांची झेरॉक्स द्या. करार मुख्य कार्यालयाच्या कपाटात आणि माल दूरच्या गोदामात, असं असेल तर मुदत चुकणारच.

जोखमीच्या कलमावर थोडं थांबू, कारण ते सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेच्या संघीय खरेदी नियमावलीचा भाग 45 सरकारी मालमत्तेसाठीच आहे आणि तिथे हा फरक स्पष्ट दिसतो. खर्च भरून देण्याच्या पद्धतीच्या कंत्राटात नुकसान बहुतांशी सरकार सोसतं. कंत्राटदारावर ते येतं ते वरिष्ठ व्यवस्थापकांनी जाणूनबुजून गैरप्रकार केला किंवा सद्भावनेने काम केलं नाही तर, किंवा विमा असेल तर विम्यापुरतं. ठरीव किमतीच्या, स्पर्धेतून मिळालेल्या कंत्राटात मात्र पर्यायी कलम लावलं की रीतसर झीज सोडून सगळी जोखीम कंत्राटदाराची. एकाच कारणाने एकाच प्रकारचा फ्रीझर बिघडतो, आणि कलमानुसार खर्च वेगळ्या खिशातून जातो.

भारतात करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भारतीय करार कायदा, 1872 मधल्या निक्षेपाच्या, म्हणजे दुसऱ्याचा माल ठरलेल्या कामासाठी ताब्यात घेण्याच्या, तरतुदी लागू पडतात. कलम 151 म्हणतं की सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. कलम 152 प्रमाणे तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल तर हानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. कलम 150 देणाऱ्यालाही बांधतं: मालात त्याला ठाऊक असलेला दोष त्याने सांगितला पाहिजे. पण ‘वेगळा करार नसेल तर’ या शब्दांवर फार विसंबू नका. सरकारी करारात तो वेगळा मजकूर बहुतेक वेळा असतोच.

आणि काळजी घेतली हे तोंडी सांगून चालत नाही. तापमानाची वही, देखभालीची पावती, कीटकनाशक फवारणीची नोंद यांनीच ते सिद्ध होतं.

पायरी 2: गाडी दारात आली की

चालकाला घाई असते, हमाल उतराईला टेकलेले असतात, स्वयंपाकी आतून ओरडत असतो. तरीही दार उघडण्याआधी सील शाबूत आहे का, त्याचा क्रमांक चलनावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे बघा. ताडपत्री फाटलेली असेल तर गाडी उभी असतानाच फोटो काढा. नंतर गाडी निघून जाते आणि पाणी वाटेत लागलं की तुमच्या गोदामात, हा वाद कायमचा राहतो.

मोजणी उतरवतानाच करायची. थप्पी लागल्यावर बाहेरून दिसणारी पोती मोजून आतली अंदाजाने धरायची सवय लावून घेऊ नका. नगाबरोबर वजनही घ्या. संख्या बरोबर आणि वजन कमी, असं झालं तर गळती किंवा हात मारणं, दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

आता शेरा. चलनावरची ही दोन-तीन ओळींची जागा फार मोलाची आहे, आणि बहुतेक जण तिथे ‘काही पोती खराब’ असं लिहितात. त्यातून कोणालाच काही कळत नाही. किती, कुठली, कशाने? त्याऐवजी असं लिहा:

‘चलनाप्रमाणे 200 पोती. प्रत्यक्ष 199. पैकी 6 ओली, मागच्या फाळक्याकडच्या खालच्या थरातली. 2 फाटलेली, गळती चालू. ताडपत्री मागे उजवीकडे फाटलेली. ओली व फाटलेली पोती वेगळी ठेवली, वापरात घेतलेली नाहीत. फोटो काढले. वेळ सकाळी 10.40.’

खाली तुमची सही, चालकाची सही, आणि चलनाच्या तिन्ही प्रतींवर हाच मजकूर. चालक सही करायला तयार नसेल तर ‘चालकाने सही नाकारली’ हेही लिहा आणि हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही घ्या. ‘तपासणीच्या अधीन राहून स्वीकारला’ हा शिक्का अनेक जण मारतात. तो चालतो, पण मुदतीत तपासणी करून अहवाल दिला तरच. नुसता शिक्का मारून महिनाभर गप्प बसलात तर माल चांगला होता असंच धरलं जाईल.

गोठवलेल्या मालाचं तापमान उतरवण्याआधी घ्या. दोन पाकिटांच्या मध्ये तापमापी दाबून धरली तर पाकीट फोडावं लागत नाही. उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. खोक्याच्या तळाला वाळलेले डाग, आत बर्फाचे मोठे खडे, एकमेकांना चिकटलेले तुकडे दिसले तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला असावा, मग आत्ता तापमान कितीही चांगलं दिसो. तापमापी स्वतः खरी आहे ना, हे बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून बघता येतं. शून्य दाखवायला हवी.

यंत्रं आली असतील तर ती चालवून बघितल्याशिवाय सही करू नका. अनुक्रमांक, आधीचे पोचे, गायब झाकणं, तुटलेली कडी सगळं लिहा. ‘जसं आहे तसं’ या अटीवर दिलेलं यंत्र असेल तर दुरुस्ती बहुधा तुमच्या गळ्यात असते, म्हणून जुनी देखभालीची वही मागून घ्या. सरकारने द्यायचं सामान उशिरा आलं किंवा कामाच्या उपयोगाचं नसलं तर ते लगेच लेखी कळवा. मुदतवाढ किंवा किमतीतली दुरुस्ती मागायची सोय अनेक करारांत असते, पण ती वेळेत मागणाऱ्यालाच मिळते.

पायरी 3: नोंदी

दोन वह्या वेगळ्या ठेवा. भांडी, फ्रीझर, काटे यांसारख्या टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला. तांदूळ, तेल, डबे अशा खर्ची पडणाऱ्या वस्तू साठा रजिस्टरला. टिकाऊ वस्तूची नोंद करताना नाव-वर्णन, अनुक्रमांक, संख्या, सरकारने कळवलेली किंमत, कोणत्या कंत्राटाखाली आली, कुठे ठेवली आणि वापरात कधी आली एवढं तरी यायलाच हवं. अन्नासाठी याशिवाय बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख. बॅच क्रमांक लिहायचा कंटाळा करतात, आणि मग एखादी बॅच परत मागवल्याचा आदेश आला की सगळी थप्पी उपसावी लागते.

वस्तूवर खूण करा. सरकारी पातेलं आणि तुमचं पातेलं शेजारी ठेवलं तर सहा महिन्यांनी कोणालाच फरक सांगता येत नाही. एका कंत्राटाचं सामान दुसऱ्या कामावर नेऊ नका, एका दिवसासाठीही. करार कायद्याच्या कलम 154 प्रमाणे, ठरलेल्या कामाव्यतिरिक्त वापर केला आणि त्या काळात नुकसान झालं तर काळजी घेतली होती हा बचावही हातून जातो. उपकंत्राटदाराकडे सामान दिलं तर त्याच्याकडूनही तशीच ताबापावती घ्या. सरकारच्या दृष्टीने उत्तर देणारे तुम्हीच.

महिन्याला प्रत्यक्ष मोजणी करा, आणि ती रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला करू देऊ नका. आरंभीची शिल्लक अधिक आवक, वजा दिलेला माल. येणारा आकडा प्रत्यक्षाशी जुळला पाहिजे. खराब म्हणून बाजूला ठेवलेला माल या हिशेबातून काढायचा नसतो. तो शिल्लकच आहे, फक्त ‘वापरास बंद’ या वेगळ्या रकान्यात. तूट दिसली तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पायरी 4: साठवण, थोडक्यात

माल जमिनीपासून 15 सेंटिमीटर तरी वर, भिंतीपासून सुटा. ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा. आधी आला तो आधी, हा नियम मुदतीच्या तारखा उलटसुलट आल्या की फसतो. साबण, फिनेल, डिझेल यांना अन्नाच्या खोलीत जागा नाही. दिवसातून दोनदा तापमान लिहा, आणि ते बघून लिहा. महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच आकडा असलेली वही तपासणी अधिकाऱ्याला एका नजरेत कळते.

पायरी 5: माल खराब निघाला

पहिल्या तासात करायचं ते असं. त्या मालाचा वापर थांबवा. वेगळ्या जागी हलवा, शक्यतो कुलपात. लाल चिठ्ठी लावा: काय, किती, बॅच, कधी आढळलं, कोणाला आढळलं, ‘वापरू नये, हलवू नये’. फोटो काढा, आधी जागेवरचा, मग हलवल्यानंतरचा. त्याच बॅचचा चांगला दिसणारा मालही थांबवून ठेवा. मग संबंधित अधिकाऱ्याला फोन, आणि त्याच दिवशी लेखी.

चाखून बघू नका. ही सवय स्वयंपाकघरात फार मुरलेली आहे. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर पोचा आलेला डबा न उघडता बाजूला ठेवा. बोट्युलिझमचं विष तयार करणारे क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात, आणि तसा डबा वासाला, चवीला ठीक लागू शकतो. डब्यावरचा गंज पुसून जात असेल तर प्रश्न नाही. खोल खड्डे पडले असतील तर तो थांबवा.

धान्याचं दुखणं वेगळं. पोतं ओलं झालं की कोणीतरी सुचवतं, उन्हात वाळवू आणि चांगल्यात मिसळून टाकू. बुरशी आलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते शिजवल्याने जात नाही. सहा पोती मिसळून तुम्ही दोनशे पोती संशयात टाकता. ‘निदान जनावरांना घालू’ हाही निर्णय तुमचा नाही. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेलं हे विष दुधात उतरतं. पुराच्या पाण्याने भिजलेली पोती, कागदी पुडे, पुठ्ठ्याची खोकी यांत वाचवण्यासारखं काही नसतं, पण तेही मोजून, लिहून, परवानगी घेऊनच जायचं.

दुसरी पळवाट अधिक सभ्य दिसते. सहा पोती खराब झाली, बाजारातून सहा आणून ठेवली, कोणाला त्रास नाही. यात पैसे तुमचेच गेले असले तरी खोटेपणा शिल्लक राहतो: बॅच जुळत नाही, पोत्यावरचा शिक्का जुळत नाही, आणि पुढे कोणी आजारी पडलं तर तो तांदूळ कुठून आला याचं उत्तर नाही. भरपाई वस्तूच्या रूपात करायची असेल तर तसं लेखी मागा. अनेकदा परवानगी मिळते.

वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका. साधारण अंदाज असा की दार बंद ठेवलेला फ्रीज 4 तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. मोठ्या शीतखोलीचं गणित वेगळं पडेल, तेव्हा आत तापमापी असलेली बरी. बर्फाचे कण अजून दिसत असतील किंवा तापमान 4 अंशांच्या वर गेलेलं नसेल तर माल पुन्हा गोठवता येतो, दर्जा थोडा उतरतो एवढंच. शिजलेल्या अन्नाला मात्र एवढी सवलत नाही: 5 ते 60 अंशांच्या मधल्या पट्ट्यात दोन तासांच्या वर ते ठेवायचं नाही.

आता अवघड प्रसंग. फ्रीझर सरकारचा, आतलं मांस सरकारचं, आणि रात्री कॉम्प्रेसर बंद पडला. नुकसान कोणाचं? पहिला प्रश्न येईल, देखभाल कोणाकडे होती. ती तुमच्याकडे असेल तर शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, कॉइल साफ कधी केली. दुसरा, बिघाडाची चाहूल लागली होती का. तापमानाच्या वहीत आठवडाभर उणे 18 चं उणे 14, उणे 11 होत गेलेलं असेल आणि कोणी काही केलं नसेल तर ती वही तुमच्याविरुद्धच उभी राहते. उलट तुम्ही पहिल्याच दिवशी तक्रार लिहून पोच घेतली असेल आणि दुरुस्तीची मंजुरी तिकडे अडकली असेल, तर तीच वही तुमची बाजू लावून धरते. तिसरा प्रश्न, बिघाड कळल्यावर माल वाचवायला काय केलं: दुसरीकडे हलवला का, बर्फ मागवला का? या तिन्हींची उत्तरं तारीख-वेळेसह देता आली तर बोलणी सोपी होतात. यात मोटरची रीतसर झीज किंवा निर्मितीतला दोष निघाला तर तो ‘नुकसान’ या व्याख्येतच बसत नाही असं काही नियमावल्या म्हणतात, अमेरिकेची त्यांपैकी एक. म्हणून जळालेला भाग फेकू नका. मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि भाग दोन्ही ठेवा.

पायरी 6: पत्र आणि पंचनामा

पत्रात वस्तुस्थिती लिहा, कबुली किंवा आरोप नको. कधी आढळलं, कुठे, काय आणि किती, बॅच, कंत्राट क्रमांक, रजिस्टरप्रमाणे किंमत, दिसणारं कारण, तातडीने काय केलं, पुढे होऊ नये म्हणून काय करताय, विमा आहे का, आणि या मालाची गरज अजून आहे का, म्हणजे बदली माल पाठवायचा की नाही ते त्यांना ठरवता येईल. किंमत बाजारभावाने लिहू नका. चोरीचा संशय असेल तर पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा. पत्राची पोच, आवक क्रमांकासह, घेतल्याशिवाय निघू नका. ईमेल केला असेल तरी.

मग वाट बघणं. सरकारी उत्तराला वेळ लागतो, आणि इकडे मांसाला वास सुटलेला असतो. अशा वेळी ‘आरोग्यास धोका असल्याने तातडीने नष्ट करण्यास परवानगी द्यावी’ असं स्वतंत्र पत्र द्या आणि स्थानिक आरोग्य किंवा अन्न निरीक्षकाला बोलावून मानवी वापरास अयोग्य असल्याचा दाखला घ्या. फोनवर परवानगी मिळाली तर कोणी, किती वाजता दिली ते त्याच दिवशी पत्राने कळवून टाका. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर तो आधी, दोघांच्या सहीने सीलबंद करून.

नष्ट करताना पंचनामा करा. वजन करून, सरकारी प्रतिनिधीसमोर. डबे भोसका, पाकिटं फाडा, पिठावर रंग किंवा फिनेल ओता, म्हणजे कचऱ्याच्या ढिगावरून ते कोणी उचलून पुन्हा विकायला नेणार नाही. रिकामं बारदान मात्र नष्ट करू नका. त्याचाही हिशेब असतो आणि परतीची अट बहुधा करारात सापडतेच.

साठा रजिस्टरमधून माल वजा होतो तो निर्लेखनाचा, म्हणजे माल हिशेबातून रीतसर काढून टाकण्याचा, आदेश हाती आल्यावर, आधी नाही. आदेशाचा क्रमांक आणि तारीख त्या नोंदीसमोर लिहा. वसुली लावली असेल आणि ती मान्य नसेल तर बिल घेताना ‘हरकतीसह स्वीकारले’ असं लिहून मुदतीत अपील करा.

पायरी 7: कंत्राट संपताना

शेवटच्या दिवशी चाव्या देऊन मोकळं होता येत नाही. महिनाभर आधी संयुक्त मोजणीची तारीख मागा. पहिल्या दिवशीची ताबापावती घेऊन एकेक ओळ तपासा: परत केलं, खर्ची पडलं, निर्लेखित झालं. ज्या ओळीसमोर या तिघांपैकी काहीच नाही तिथून सुरक्षा अनामत कापली जाते. उरलेला चांगला शिधा परत घेणार, की पुढच्या कंत्राटदाराला देणार, हे लेखी विचारा. पुढच्याला द्यायचा झाला तर हस्तांतरणावर तिघांच्या सह्या: तुमची, त्याची, सरकारची. दोघांनीच केलेल्या हस्तांतरणाने तुमची जबाबदारी सुटत नाही.

नंतर ना-देय प्रमाणपत्र मागा, आणि ते मिळेपर्यंत फ्रीझरच्या तापमानाच्या वह्याही टाकून देऊ नका. लेखापरीक्षणाचे आक्षेप अनामत परत मिळाल्यावरही येतात, तेव्हा कागद किती वर्षं ठेवायचे ते करारात बघा आणि गठ्ठ्यावर ते वर्ष ठळक लिहून ठेवा.